व्हेरिकोजचे घट्ट मोजे: माप, घालणं, धुणं आणि दुकानात सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकमध्ये एका सर्जिकल दुकानात या मोज्यांची मापं घेते, बारा वर्षं झाली. त्याआधी मेन रोडला साड्यांच्या दुकानात काउंटरला उभी असायचे, तिथेच डाव्या पायाच्या शिरा फुगल्या (यालाच व्हेरिकोज म्हणतात), त्यामुळे रोज एका पायात मी पण घालते. डॉक्टर नाही हं मी. पण तेच तेच प्रश्न दुकानात, फोनवर, व्हॉट्सअपवर इतके येतात की एकदाचं सगळं लिहून काढलं. एका उत्तरात सांगितलेलं दुसरीकडे परत नाही लिहिलं, नंबर दिलाय तो बघा.

१. हे मोजे नेमकं करतात काय? साधे घट्ट मोजे घातले तर तेच होणार ना?

नाही होणार. पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलायचं काम पोटरीचा स्नायू करतो, चालताना तो आवळला की शिरेतलं रक्त वर जातं आणि शिरेतल्या छोट्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. माणूस उभा असताना घोट्याजवळच्या शिरेत साधारण ८० ते ९० एमएम एचजी (बीपी मोजतात तेच माप) दाब असतो, चालायला लागला की धडधाकट पायात तो ३० च्या खाली उतरतो, पण झडपा सैल पडल्या असतील तर तितका उतरतच नाही आणि रक्त खाली तुंबतं. मग संध्याकाळी पाय जड, घोट्याला सूज, खाज, रात्री पोटरीत गोळे. मेडिकल मोजा घोट्याला सगळ्यात जास्त दाबतो आणि वर जाताना दाब कमी कमी होत जातो, ही खरी त्याची गंमत. साध्या मोज्याचं असतं उलटं, खाली ढिला आणि वरच्या रबरानं पोटरी आवळलेली, म्हणजे पाणी वर चढायचं त्या नळीला वरूनच चिमटा.

ही कल्पना कॉनराड जॉब्स्ट नावाच्या जर्मनीत जन्मलेल्या, अमेरिकेत राहिलेल्या इंजिनिअरची. त्याला स्वतःलाच शिरांचा त्रास होता आणि स्विमिंग पूलमध्ये उभं राहिलं की पाय हलके वाटतात हे त्याच्या लक्षात आलं, पाण्यात जितकं खोल तितका दाब जास्त ना, तसाच मोजा करावा म्हणून तो मागे लागला, १९५० च्या आसपासची गोष्ट.

२. मोजे घातले की व्हेरिकोज बरं होतं का? किती महिन्यात?

बरं होत नाही. चष्म्यानं नंबर जातो का? तसंच हे, घातलंय तोवर काम. फुगलेल्या शिरा तशाच राहतात, मोजा काढला की रक्त परत साचायला लागतं. पण सूज, जडपणा, गोळे यात फरक पडतो, बऱ्याच जणांना पहिल्या आठवड्यातच. शिरेचा मूळ बंदोबस्त करायचा तर कलर डॉपलर (शिरांमधलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी) करून सर्जनला दाखवायचं, लेझर आहे, रेडिओफ्रिक्वेन्सी आहे, इंजेक्शनं आहेत. मोजे बरे करतात असं सांगून विकणाऱ्याकडून घेऊ नका, माझ्याकडून सुद्धा नाही.

३. सासऱ्यांना ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलमध्ये पांढरे मोजे दिले होते, घरी पडून आहेत, तेच मी घातले तर?

ते वेगळे. ते झोपून असलेल्या पेशंटला रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून असतात, घोट्याला जेमतेम १८ एमएमच्या आसपास दाब. उभ्या माणसाच्या पायाला तो पुरत नाही, आणि सासऱ्यांचं माप तुमचं नसतं. पॅरालिसिसच्या अटॅकनंतर पडून असलेल्यांनाही पूर्वी हे सर्रास घालायचे, पण २००९ साली क्लॉट्स नावाच्या मोठ्या ट्रायलचे निष्कर्ष आले, त्यात मांडीपर्यंतच्या मोज्यांनी गुठळ्या काही कमी झाल्या नाहीत, उलट कातडी सोलवटायचं प्रमाण वाढलं. तेव्हा घरात असा पेशंट असेल तर आपल्या मनानं चढवू नका.

क्रेप बँडेज पण वेगळं. ते मुरगळलेल्या पायाला ठीक, पण रोज सकाळी घरच्या माणसानं बांधलेल्या पट्टीचा दाब आज एक, उद्या एक. आणि दुपारपर्यंत ते घोट्याशी गोळा होऊन बसतं.

४. डॉक्टरांनी नुसतं "क्लास २ स्टॉकिंग" लिहिलंय. दुकानात तीन प्रकारचे क्लास २ दाखवले. कोणता खरा?

हा घोळ खरंच आहे, तुमची चूक नाही. क्लासचे आकडे देशागणिक बदलतात. जर्मन पद्धतीत क्लास १ म्हणजे १८ ते २१ एमएम एचजी, क्लास २ म्हणजे २३ ते ३२, क्लास ३ म्हणजे ३४ ते ४६. ब्रिटिश पद्धतीत क्लास २ फक्त १८ ते २४ आणि क्लास ३ हा २५ ते ३५. अमेरिकन पाकिटावर १५ ते २०, २० ते ३०, ३० ते ४० असं छापलेलं असतं. म्हणजे ब्रिटिश क्लास ३ जवळपास जर्मन क्लास २ च झाला की! म्हणून क्लास सोडा, पाकिटावरचा एमएम एचजीचा आकडा वाचा आणि डॉक्टरांकडून आकडाच लिहून घ्या. ज्या पाकिटावर आकडाच नाही, नुसतं "हाय कॉम्प्रेशन" छापलंय, ते परत रॅकवर ठेवा.

ढोबळ सांगायचं तर पाय दुखणं, थोडी सूज, उभं राहायची नोकरी याला हलका दाब, म्हणजे १५ ते २०. ठसठशीत फुगलेल्या शिरा, रोजची सूज, घोट्याजवळ काळवंडलेली कातडी याला २० ते ३० च्या घरातला. त्यावरचे डॉक्टरांशिवाय मी देतच नाही, भांडलात तरी.

५. हे मोजे कोणी घालायचे नाहीत?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात, खरं तर दुकानात पाय टाकल्या टाकल्या विचारला पाहिजे.

पायाकडे रक्त घेऊन येणाऱ्या धमन्याच अरुंद झाल्या असतील तर हा मोजा नुकसान करतो. आधीच रक्त कमी येतंय, त्यात बाहेरून दाबलं तर बोटं काळी पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. ओळखायचं कसं? थोडं चाललं की पोटरी भरून येते, थांबलं की मिनिटा-दोन मिनिटात बरं वाटतं, परत चाललं की परत तेच. पावलं गार, बोटांवरची जखम भरत नाही, रात्री पाय पलंगाखाली सोडला की बरं वाटतं. विडी-सिगरेट ओढणारे, तंबाखूवाले, जुने डायबेटिसवाले, सत्तरीच्या पुढचे, यांनी आधी घोट्याचा आणि दंडाचा बीपी मोजून दोन्हीचं प्रमाण काढणारी एबीआय टेस्ट करून घ्यावी. दुखत नाही, बीपीच्या पट्ट्यानं आणि छोट्या डॉपलर मशीननं होते. एकच्या आसपास आकडा म्हणजे ठीक, ०.८ च्या खाली असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही, ०.५ च्या खाली असेल तर अजिबातच नाही.

आणखी कोण? हृदय कमजोर आहे, धाप लागतेय, अंगावर सूज आहे असा पेशंट, कारण पायातलं पाणी एकदम वर ढकललं तर हृदयाला ते झेपत नाही. पायाला लाली, गरमपणा आणि ताप, म्हणजे सेल्युलायटिस (कातडीखाली जंतुसंसर्ग) असेल तर आधी त्याचा इलाज. खूप नाजूक, कागदासारखी कातडी. आणि पायाची संवेदना गेलेले, त्यांचं खाली लिहिलंय (प्रश्न ६).

मागे एक दादा आले होते, बायकोनं पाठवलेले, "पाय दुखतात, मोजे द्या." माप घ्यायला पायाला हात लावला तर पाऊल बर्फासारखं गार आणि अंगठ्याचं टोक निळसर. मोजे दिले नाहीत, तसंच डॉक्टरकडे पिटाळलं. ऑनलाईन मागवले असते तर पायाला हात कोणी लावला असता?

६. मला डायबेटिस आहे, शुगर कंट्रोलमध्ये आहे. चालेल का?

कदाचित चालेल, पण दोन गोष्टी बघून. एक म्हणजे पायाला बधिरपणा किंवा मुंग्या आहेत का, कारण मोजा रुतला, सुरकुती पडली तरी कळणार नाही आणि संध्याकाळी थेट जखमच दिसेल. दुसरं, डायबेटिसमध्ये धमन्या कडक झाल्या की वरच्या उत्तरातली एबीआय टेस्ट खोटी चांगली येते, आकडा १.३ च्या वर गेला तर खूश होऊ नका, अशा वेळी पायाच्या बोटाचा दाब वेगळा मोजतात. डॉक्टरांनी हो म्हटलं तर रोज रात्री मोजे काढल्यावर तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या उजेडात बघायच्या, वाकता येत नसेल तर आरसा ठेवून.

७. गुडघ्यापर्यंत घेऊ की मांडीपर्यंत?

बहुतेकांना गुडघ्यापर्यंतचे पुरतात, कारण खरी गरज घोट्याला आणि पोटरीला असते. पाकिटावर ए-डी लिहिलेलं असतं ते गुडघ्याखालचं, ए-एफ अर्ध्या मांडीपर्यंत, ए-जी पूर्ण मांडी. मांडीच्या शिरा फुगल्या असतील, लेझर झालं असेल तर डॉक्टर मांडीपर्यंतचे लिहितात. बाकी माझा अनुभव असा की मांडीवाले हौसेनं नेतात आणि महिन्याभरात कपाटात जातात. गुडघ्यापर्यंतचा रोज घातलेला मोजा बरा.

८. घरी माप कसं घ्यायचं? माझा बुटाचा नंबर ८ आहे, त्यावरून सांगा.

बुटाच्या नंबरावरून या मोज्याचं काही सांगता येत नाही. माझी स्वतःची पहिली जोडी मी अशीच चपलेच्या नंबरावरून घेतली होती, घोट्याला झोळ आणि पोटरीला वळ, आठ दिवसात माळ्यावर फेकली.

माप सकाळी घ्या, उठल्या उठल्या, सूज चढायच्या आत. संध्याकाळी घेतलं तर सुजलेल्या पायाचं माप येतं आणि मोजा मोठा लागतो. शिवणकामाचा मऊ टेप घ्या, पाय उघडा, उभं राहा, टेप कातडीला टेकवायचा पण आवळायचा नाही. पहिलं घोटा: हाडाच्या गोळ्यावर नाही, त्याच्या जरा वर जिथं पाय सगळ्यात बारीक आहे तिथला घेर. हे माप सगळ्यात महत्त्वाचं, दोन मापांमध्ये अडकलात तर घोट्याचं ऐकायचं. दुसरं पोटरीचा सगळ्यात जाड भाग. तिसरं उंची, जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत, मोजा त्याच्या दोन बोटं खाली संपला पाहिजे. मांडीपर्यंतचा असेल तर मांडीचा वरचा घेर आणि जमिनीपासून ढुंगणाच्या घडीपर्यंतची उंची. बोटं झाकलेला हवा असेल तर पावलाची लांबी पण.

दोन्ही पायांची मापं वेगवेगळी लिहा. डावा-उजवा सारखा नसतो, माझ्या पोटऱ्यांमध्ये दीड सेंटीमीटरचा फरक आहे. आणि कंपनीचा चार्ट बघूनच साईझ ठरवा, एका कंपनीचा एम म्हणजे दुसरीचा एल असू शकतो. घोटा बारीक आणि पोटरी भरदार असेल, कुठल्याच चार्टमध्ये बसत नसाल तर मापाप्रमाणे बनवून मिळतात, थोडे दिवस लागतात आणि पैसे जास्त.

९. बोटं उघडी की झाकलेली? आणि जोडव्यांचं काय करायचं?

आपल्याकडे उघडीच जास्त चालतात. चप्पल घालता येते, बोटांचा रंग बघता येतो, घालायलाही सोपी. झाकलेली थंडीत बरी, डिसेंबर-जानेवारीत निफाडकडचे लोक आवर्जून मागतात. अंगठ्याचं हाड बाहेर आलेलं असेल किंवा बोटं वाकडी असतील तर उघडीच घ्या.

जोडवी घालताना काढायची, मोजा पूर्ण चढवला की परत घालायची. चांदीची टोकं झिजून धारदार होतात, एका ओढीत धागा उसवतो. पैंजण पण काढूनच, मोज्याच्या आत राहिलं तर कातडीत रुततं. जोडवी निघतच नाहीत अशा आज्यांना बोटावर प्लास्टिकची छोटी पिशवी बांधून मोजा वरून सरकवायला सांगते, निघून जातं काम.

१०. सकाळी अंघोळ, पूजा, डबे, सगळं उरकून दहा वाजता घातले तर चालेल?

चालण्यासारखं नाही, कारण दहापर्यंत सूज चढलेली असते आणि मोजा त्या सुजलेल्या पायावर बसतो, घालायलाही जीव निघतो. नियम असा की पलंगावरून पाय खाली सोडायच्या आधी घालायचे. पण अंघोळीआधी मोजे घालून बसणार कोण, सहाला नळ येतो. त्यावर दोन उपाय: एक, अंघोळ रात्री करायची. दुसरा, सकाळी अंघोळ झाली की भिंतीला पाय वर टेकवून किंवा दोन उशांवर पाय ठेवून पंधरा-वीस मिनिटं पडायचं, पाय नीट कोरडे करायचे आणि मग घालायचे. मी दुसरा करते. सातच्या चहाच्या आत मोजे पायात, मग स्वयंपाक.

११. पायात चढतच नाहीत! अर्धा तास झटापट होते, नखं मोडतात. काय चुकतंय?

बहुतेक लोक वरची किनार धरून पँट ओढल्यासारखं ओढतात, तिथेच चुकतं. असं करा. मोज्यात हात घालून टाचेचा खिसा आतून चिमटीत पकडा, आणि मोजा उलटा करा टाचेपर्यंतच, म्हणजे पावलाचा भाग आत राहील आणि बाकी नळी बाहेरून उलटी. आता पाऊल घाला, टाच बरोबर टाचेच्या खिशात बसू दे, ही पायरी घाई न करता. मग उलटलेला भाग थोडा थोडा, तळहातानं चोळत वर आणा. बोटांनी चिमटून ओढायचं नाही, नखानं तर नाहीच.

भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला, हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भारी उपाय, पकड येते आणि धागा पण वाचतो. पाय घामट असेल तर थोडी टाल्कम पावडर. बोटं उघडी असलेला मोजा असेल तर पावलावर गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी किंवा रेशमी कापडाचा तुकडा चढवून त्यावरून मोजा सरकवा, मग बोटांकडून पिशवी ओढून काढा. शेवटी हात फिरवून बघा, घोट्याच्या पुढे सुरकुती नको, आणि किनार कधीच दुमडायची नाही. दुमडली की तिथं दोन थर होतात, दाब दुप्पट, आणि पायाला दोरी बांधल्यासारखं होतं. लांब झाला म्हणून दुमडायचा नसतो, तो खाली चोळून सारखा पसरवायचा, तरी उरत असेल तर माप चुकलंय.

१२. आई ७८ ची, एकटी राहते इंदिरानगरला, वाकता येत नाही. तिनं कसं घालायचं?

तारेचा किंवा प्लास्टिकचा स्टँड मिळतो, मोजा त्यावर ताणून बसवायचा आणि पाय वरून आत ढकलायचा. शिकायला दोन-तीन दिवस लागतात. हाताला संधिवात असेल तर तेही जमत नाही, मग डॉक्टरांना विचारून जास्त दाबाच्या एका मोज्याऐवजी कमी दाबाचे दोन एकावर एक, घालायला सोपे पडतात. आणि स्पष्ट सांगते, सकाळी घालून द्यायला आणि रात्री काढायला कोणी येणार नसेल तर जड दाबाचा मोजा देऊ नका. दोन-दोन दिवस न काढलेला मोजा मी पाहिलाय, आत कातडी फुटलेली.

१३. एकाच पायाला त्रास आहे, एकच घातला तर विचित्र नाही का?

मला बारा वर्षं झाली, साडीखाली कोणाला दिसलाय? एकाच पायाला घालता येतो, डॉक्टरांनी दोन्ही सांगितले नसतील तर. फक्त जोडीनंच विकतात, म्हणजे दुसरा धुवायच्या पाळीला झाला, तोही दोन्ही पायांची मापं जुळत असतील तर आणि मांडीवाला नसेल तर.

१४. रात्री झोपताना ठेवायचे का?

नाही, काढायचे. आडवं झालं की रक्त चढायला दाबाची गरज उरत नाही. जखमेचं बँडेज किंवा लेझरनंतरचे पहिले दिवस हा अपवाद, तिथं डॉक्टर सांगतील तसं. दुपारी तासभर आडवं व्हायचं असेल तर ठेवा, काढ-घाल कशाला.

१५. नाशिकचं ऊन! एप्रिल-मे मध्ये ४० पर्यंत जातं, मरायचं का घालून?

उन्हाळ्यातच सूज जास्त येते, कारण उष्णतेनं शिरा आणखी पसरतात, नेमके तेव्हाच लोक मोजे सोडतात. कॉटनचं प्रमाण जास्त असलेला किंवा पातळ विणीचा घ्या, बोटं उघडी, गुडघ्यापर्यंतचा. घातलेल्या मोज्यावरून बाटलीनं पाण्याचा फवारा मारा आणि पंख्याखाली बसा, कूलर झाला पायाचा. अगदी झेपत नसेल तर सकाळपासून दुपारी दोनपर्यंत घाला, बाकी वेळ पाय वर घेऊन बसा. सातपूर-अंबडच्या कंपन्यांमधले, आठ तास मशीनपुढे उभे असणारे, त्यांनी मात्र पूर्ण शिफ्ट घालायचे, घरी येऊन काढा.

१६. मांडीचा पट्टा सारखा घसरतो. कधी रुततो आणि खाज पण येते.

घसरत असेल तर आधी सिलिकॉनच्या पट्टीवर तेलाचा, पावडरचा थर बसलाय का बघा, मोजा पायातून काढून पट्टी स्पिरिटच्या कापसानं पुसली की पकड परत येते. तरी घसरला तर मांडीचं माप चुकलंय किंवा मोजा म्हातारा झालाय (प्रश्न १९). खाज आणि लाल पट्टा म्हणजे सिलिकॉन मानवत नाही, मग विणलेल्या पट्ट्याचा किंवा गुडघ्यापर्यंतचा घ्या.

१७. रोज धुवायचे का? वॉशिंग मशीनला टाकले तर?

रोज. घाम आणि मेलेली कातडी धाग्यात बसली की लवचिकपणा जातो, शिवाय धुतल्यावर धागा परत आपल्या आकाराला येतो, म्हणून न धुतलेला मोजा तिसऱ्या दिवशी ढिला लागतो. दोन जोड्या घ्या, एक पायात एक दोरीवर, हा खर्च वाटतो पण एकच जोडी रोज ओली-सुकी करणाऱ्याची लवकर संपते.

कोमट किंवा साधं पाणी, लोकरीचे कपडे धुतात ते सौम्य लिक्विड, हातानं दाबून दाबून. ब्लीच नाही, फॅब्रिक कंडिशनर नाही, दगडावर आपटणं आणि ब्रश घासणं तर नाहीच नाही. कामवाल्या मावशींना हे दोनदा सांगा. पिळायचे नाहीत, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचे. मशीनला टाकायचेच तर जाळीच्या पिशवीत, नाजूक कपड्यांच्या सेटिंगवर, ड्रायर बंद. वाळवायचे सावलीत, आडवे. मी एकदा मे महिन्यात गच्चीवर दोरीला टांगले आणि विसरले, दोन दिवसांनी रबराची पट्टी कडक पापडासारखी. इस्त्री कधीच नाही.

पावसाळ्यात आपल्याकडे चार-चार दिवस ऊन नसतं, तेव्हा टॉवेलमध्ये दाबून पंख्याखाली ठेवले की सकाळपर्यंत वाळतात. ओलसर घालू नका, बोटांच्या बेचक्यात बुरशी होते.

१८. पायाला खोबरेल तेल लावून मग घातले तर कातडी मऊ राहील ना?

कातडी राहील, मोजा नाही राहणार. तेल आणि क्रीमनं लवचिक धागा लवकर मरतो. तेल रात्री लावा, मोजे काढल्यावर, सकाळपर्यंत मुरतं. कोरड्या कातडीला खरंच तेलाची गरज असते, खाजवून खाजवूनच घोट्याजवळ जखमा होतात.

१९. किती दिवस टिकतात? माझे दोन वर्षं झाली, अजून फाटले नाहीत.

फाटण्याची वाट बघायची नसते. रोज वापरला तर साधारण सहा महिन्यांनी दाब उतरलेला असतो, दिसायला नवा का असेना. ओळखायची खूण, आधी घालताना घाम फुटायचा आणि आता सटकन चढतो, तर तुम्ही हुशार झालात असं नाही, मोजा गेलाय. वजन बरंच कमी-जास्त झालं, सूज उतरली, बाळंतपण झालं तर सहा महिन्यांच्या आधीच परत माप घ्या. छोटं भोक पडलं तर सुईनं रफू करू नका, तिथं गाठ रुतते.

२०. गरोदर आहे, सातवा महिना, पाय फुगतात. घालू का?

घालता येतात, बऱ्याच जणींना आराम पडतो, गुडघ्यापर्यंतचे हलक्या दाबाचे. पोटाला आधार देणारे पँटसारखे पण येतात पण बाथरूमला वारंवार जावं लागतं तेव्हा वैताग होतो. मात्र चेहरा-हात पण सुजले, डोकं दुखतंय, डोळ्यापुढे चमकतंय, तर मोज्यांच्या दुकानात येऊ नका ताई, तडक डॉक्टरकडे बीपी बघायला जा. एकच पाय सुजला तर खाली २३ वाचा.

२१. लेकाकडे अमेरिकेला जायचंय, विमानात घालू का? आणि पंचवटी एक्सप्रेसनं रोज मुंबई करणाऱ्यांचं?

चार तासांच्या वरच्या विमान प्रवासात या मोज्यांनी पायातल्या लक्षणं न दाखवणाऱ्या गुठळ्या आणि सूज कमी होते, हे अभ्यासातून चांगलं दिसलंय. १५ ते २० एमएमचे, गुडघ्यापर्यंतचे पुरे, पण नवे कोरे विमानतळावर पहिल्यांदा घालू नका, आठवडाभर आधी घरी सवय करा. पूर्वी गुठळी झालेली असेल, कॅन्सरचा इलाज चालू असेल तर डॉक्टर औषध पण देतात, त्यांना विचारा. गाडीतल्या अप-डाऊनवाल्यांनी मध्ये उठून डब्यातून चक्कर मारावी आणि बसल्या बसल्या पावलं वर-खाली करावी, ज्यांचे पाय संध्याकाळी सुजतात त्यांनी वर मोजेही घालावे.

२२. दोन्ही घोटे सुजतात पण शिरा वगैरे काही दिसत नाहीत. मोजे घेऊ?

आधी गोळ्यांचं पाकीट दाखवा. अ‍ॅम्लोडिपीन ही बीपीची गोळी खूप जण घेतात आणि तिनं घोटे सुजणं हे अगदी नेहमीचं आहे. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही हं, डॉक्टरांना सांगायचं, ते बदलतात किंवा डोस कमी करतात. किडनी, लिव्हर, हृदय, थायरॉईड यांनीही दोन्ही पाय सुजतात. तिथं मोजा घालणं म्हणजे गळक्या छताखाली बादली ठेवणं.

२३. कालपासून एकच पाय सुजलाय, पोटरी दुखतेय. घट्ट मोजे घातले तर उतरेल?

थांबा, माप नको, आजच्या आज डॉक्टरकडे. खोल शिरेत गुठळी असू शकते. छातीत दुखलं, धाप लागली तर सरळ इमर्जन्सीला, रात्रीचे दोन असले तरी. गुठळीचं निदान होऊन औषध सुरू झालं की मग सूज-दुखणं कमी करायला डॉक्टर मोजे लिहितात कधी कधी. पूर्वी गुठळीनंतर सगळ्यांनाच दोन वर्षं घालायला सांगायचे, २०१४ मध्ये सॉक्स नावाच्या ट्रायलमध्ये पुढचे त्रास टाळायला त्यांचा तसा फायदा दिसला नाही, त्यामुळे आता एका डॉक्टरचं एक आणि दुसऱ्याचं दुसरं ऐकायला मिळतं.

२४. घोट्याजवळ जखम आहे, सहा महिने भरत नाही. जखमेवरून मोजा घालायचा का?

धमन्या ठीक आहेत हे तपासल्यावर (प्रश्न ५) दाबाची पट्टी हाच अशा जखमेचा मुख्य इलाज आहे, नुसतं मलम लावून वर्षानुवर्षं काढणारे खूप आहेत. सुरुवातीला थरांचं बँडेज घोट्याला ४० एमएमपर्यंत दाब देईल असं शिकलेल्या माणसानं बांधायचं, घरी नाही. जखमेसाठी दोन मोज्यांचे सेट पण मिळतात, आतला पातळ ड्रेसिंग धरून ठेवतो. सोबत बिघडलेल्या शिरेचा लेझर लवकर केला तर जखम लवकर भरते हे २०१८ च्या एव्हरा ट्रायलमध्ये दिसलं, तेव्हा सर्जनला "आधी जखम भरू दे मग बघू" यावर एकदा नीट विचारा. जखम भरली की मोजे सोडायचे नाहीत, सोडणाऱ्यांची जखम परत उघडते, हे मी दर पावसाळ्यात बघते.

२५. मामांना हत्तीपाय आहे, त्यांना हेच मोजे?

हे नाही. त्यांच्या पायाला आधी रोज बँडेज बांधून आकार उतरवावा लागतो आणि मग सपाट विणीचा, जाड, मापाप्रमाणे बनवलेला मोजा. आपले नेहमीचे गोल विणीचे मोजे घडीत रुततात. पाय रोज साबणानं धुऊन बेचक्या कोरड्या करणं हे त्यांच्यासाठी मोज्याइतकंच महत्त्वाचं.

२६. त्र्यंबकहून निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर वारीला जायचंय. चालताना घालू का? ब्रह्मगिरीच्या फेरीला?

चालताना तर सगळ्यात छान काम करतात, पोटरी आवळते तेव्हा मोजा तिला आधार देतो. वारीला तीन जोड्या न्या, रस्त्यात वाळतील याची खात्री नाही. रोज मुक्कामाला काढा, पाय धुवा, फोड बघा. चिखल-वाळू आत गेली तर त्या दिवशी न घातलेला बरा, वाळूचा कण दिवसभर घासला की भोक पडतं, मोज्याला आणि टाचेला. ब्रह्मगिरीच्या फेरीला श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी बहुतेक पाऊस असतोच, ओल्या मोज्यात रात्रभर चालण्यापेक्षा फेरी झाल्यावर पाय वर करून पडा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घाला.

२७. घातल्यावर बोटं निळी पडली, मुंग्या आल्या. सवय होईल ना?

नाही, काढा, लगेच. पहिले दोन-तीन दिवस जरा आवळल्यासारखं वाटणं ठीक, म्हणून नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी तीन-चार तास घालायला सांगते आणि मग वाढवत न्यायला. पण बोटं निळी, पांढरी, गार, बधिर, किंवा घोट्याच्या पुढे कळ येतेय तर माप चुकलंय नाहीतर धमनीचा प्रश्न आहे. मोजे घेऊन परत या, पाकिटासकट, बिल असलं तर बरंच. आणि सकाळी या, माप परत घ्यायचं तर पाय सुजलेला नको.